ऑफिसात खोकणारा एक, आडवे पाच. हा फ्लू पसरतो तरी कसा?

चहाबाज:
मंडळी, जरा समजावून सांगा. मागच्या सोमवारी आमच्याकडे एक जण नाक ओढत, खोकत ऑफिसला आला आणि गुरुवारपर्यंत आम्ही पाच जण आडवे, डॉक्टर म्हणाले फ्लू. गंमत म्हणजे त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा ठणठणीत आणि मी पार पलीकडे एसीखाली बसतो, त्याच्याशी बोललोही नाही, सॅनिटायझर तर सारखं चालू, तरी मला. बायको म्हणते कुठेतरी हात लावला असशील. घरी आई आहे ७२ वर्षांची, तिला होऊ नये म्हणून काय करू?

निळाई:
हात नसेल लावला तरी श्वास घेतलास ना. खोकताना मोठे थेंब उडतात ते दोन-चार हातांवर खाली पडतात, पण बारीक कण नुसतं बोलतानाही निघतात आणि हवेत तरंगत राहतात. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की हॉलमधला माणूस ठसकतो ना, तसंच. बंद खोलीत एसी तीच हवा फिरवत बसतो. कोविडच्या सुरुवातीला, जानेवारी २०२० मध्ये, चीनमधल्या ग्वांगझूच्या एका हॉटेलात एका ओळीतल्या तीन टेबलांवरचे मिळून १० जण आजारी पडले, एसीचा झोत त्याच ओळीत फिरत होता, वेटरपैकी कोणालाच झाला नाही. तुझा शेजारी कदाचित झोताच्या बाहेर असेल, किंवा त्याने लस घेतली असेल.

डोंबोलीकर:
म्हणजे आम्ही २०२० मध्ये दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, ते सगळं फुकट? 😄

निळाई:
पिशव्यांचं बऱ्यापैकी फुकटच. हात धुणं नाही हां. फ्लूचा विषाणू स्टीलवर, प्लास्टिकवर २४ ते ४८ तास टिकू शकतो, लिफ्टचं बटण दाबून तोच हात नाकाडोळ्यांना लावलास तर आलाच. पण नुसतं सॅनिटायझर लावून बंद खोलीत आठ तास बसायचं म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. इथे खिडकी उघडीच हवी म्हणा, पण मुद्दा कळला असेल.

मावशी_नर्स:
निळाईचं बरोबर आहे, पण सगळे विषाणू एका मापाचे नसतात. गोवर तर फ्लूचा बाप, पेशंट खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि लस न घेतलेली दहा माणसं जवळ असली तर नऊ जणांना होतो. २०२२ ला गोवंडीत बघितलंय, दाटीवाटीची घरं, लस चुकलेली पोरं, एका घरातून दुसऱ्या घरात जायला वेळ लागला नाही.

चहाबाज, फ्लूचा माणूस खोकायच्या एक दिवस आधीपासूनच पसरवत असतो, त्यामुळे आईंना लागण झालीही असेल, घाबरू नका, लक्ष ठेवा. तुम्ही वेगळ्या खोलीत झोपा, खिडकी उघडी, त्यांच्या खोलीत जाताना एन-९५ घाला, नाकाखाली लटकवलेला नको. त्यांना ताप आला तर दोन दिवसांच्या आतच डॉक्टरांकडे न्या, फ्लूची गोळी लवकर सुरू केली तरच नीट लागू पडते. धाप लागली तर मात्र थांबू नका. आणि लस दर वर्षी.

चहाबाज:
धन्यवाद मावशी. खिडकी उघडली आत्ताच. आईने लगेच येऊन बंद केली, म्हणे संध्याकाळचे डास येतात.

डोंबोलीकर:
जाळी लाव रे बाबा.