हौसेपोटी खुज्या गायींची पैदास करावी का?

रानवाट: उंची जितकी कमी तितका भाव जास्त, या हिशोबाने हौशी गिऱ्हाइकांसाठी गायी पैदा करायला माझा विरोध आहे. डेक्स्टर या आयरिश जातीचं बघा. तिच्यातल्या आखूड पायांच्या जनावरांत खुजेपणाच्या जनुकाची एक प्रत असते. अशी दोन जनावरं एकमेकांना लावली, तर दर वेताला चारात एक शक्यता अशी, की वासराला दोन्ही प्रती मिळतात. ते जगत नाही. बहुधा सातव्या महिन्याच्या आसपास गाय गाभडते. कुणाला आखूड पाय गोड वाटतात म्हणून हे चालवून घ्यायचं?

गव्हाण: लहान म्हणजे रोगट, असं धरून चालू नका. केरळची वेचूर जेमतेम ९० सेंटिमीटर उंच, आंध्रची पुंगनूरही तशीच ठेंगणी, आणि दोन्ही कमी चाऱ्यावर निभावणाऱ्या. वेचूर संकराच्या लाटेत संपतच आली होती. १९८९ मध्ये पशुपैदास शास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उरलीसुरली जनावरं शोधून ती वाचवली. ज्याच्याकडे जागा थोडी आहे त्याने अशी गाय घेतली तर बिघडलं कुठे? आणि डेक्स्टरची जनुक चाचणी होते. वाहक, म्हणजे त्या जनुकाची एक प्रत असलेल्या गाईला वाहक नसलेला वळू लावला, की तुम्ही म्हणता तसं वासरू होत नाही.

रानवाट: चाचणी आहे, पण बाजार उलटीकडे ओढतो. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत हेरफर्ड गुरांत नेमकं हेच झालं. वाहक वळू ठेंगणे, भरीव दिसत, म्हणून पैदाशीला त्यांनाच पसंती मिळाली. मग कळपाकळपांत खुजी, घरघर श्वास घेणारी वासरं जन्मू लागली.

जमाखर्च: पैशाचं कुणीच बोलत नाही. हौशी माणूस एखाददुसरं जनावर घेऊन थांबतो. चढा भाव देतो तो पुढे पैदास करू पाहणारा. म्हणजे आजच्या कालवडीची किंमत, उद्या तिची कालवड कोण घेईल यावर उभी. अमेरिकेत १९९० च्या दशकात इमूचं असंच झालं: पैदाशीच्या जोड्या विकल्या जात होत्या तोवर तेजी, मांसाला गिऱ्हाईक मिळेना तेव्हा काहींनी पक्षी मोकळे सोडून दिले. शिवाय निम्मी वासरं गोऱ्हे. वळू किती लागतात? बाकीच्यांचं काय करायचं, हा प्रश्न जाहिरातीत कधीच नसतो.

गव्हाण: खच्ची केलेले गोऱ्हे पाळायला जातात. तेही जोडीने, कारण गुरांना एकटं ठेवणं क्रूरपणाच आहे.

रानवाट: जोडीने गेले तरी ती गुरंच. माणसाच्या हातून बाटलीने दूध पिऊन वाढलेला, खच्ची न केलेला गोऱ्हा मोठा झाला की माणसालाच कळपातला समजून अंगावर येतो; लहान वळूची धडकही हाडं मोडते. गाय पंधरा-वीस वर्षं जगते, हौस तेवढी टिकते का? माझ्या दोन अटी: आईबापांचा चाचणी अहवाल द्या आणि सांभाळणं झेपलं नाही तर जनावर परत घ्यायचं लिहून द्या.

गव्हाण: अहवालाचं कबूल. परत घेण्याचं दोन-तीन वर्षांपुरतं लिहून देईन. जन्मभरासाठी गोठ्यात जागा राखून ठेवायची तर धंदाच बसेल.

जमाखर्च: म्हणजे उरलेल्या वर्षांचा खर्च आजच्या भावात धरलेलाच नाही. तो कुणाच्या अंगावर पडणार, एवढं तरी गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगा.