प्रतिसाद: जुनी विमानं हेच कारण नव्हे

केनियात सफारीच्या छोट्या विमानांना होणाऱ्या अपघातांचं खापर वरच्या लेखात जुन्या विमानांवर फोडलंय, ते अर्धंच खरं आहे. नैरोबीचा विल्सन विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० फुटांवर आहे. हिशेबासाठी त्या उंचीवरचं प्रमाण तापमान ४ अंश धरतात. दुपारी २८ अंश असेल तर प्रत्येक जादा अंशामागे साधारण १२० फूट जादा उंची धरा. म्हणजे विमानाच्या दृष्टीने आपण ८,४०० फुटांवर. सेस्ना २०६ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानाचं टर्बो (हवा दाबून भरणारी यंत्रणा) नसलेलं इंजिन नवंकोरं असलं तरी तिथे जेमतेम पाऊण ताकद देतं. मिक्श्चर लीन केलं नाही, म्हणजे विरळ हवेच्या मानाने इंधन कमी केलं नाही, तर त्याहून कमी. वेगदर्शकावर आकडा नेहमीचाच दिसतो, पण हवा विरळ असल्याने जमिनीवरचा खरा वेग जास्त लागतो, धावपट्टी लांब लागते. मसाई मारा अभयारण्यातल्या धावपट्ट्यांवर तर गवत, ओली माती आणि मध्येच प्राणी.

त्यात वजन. सफारी कंपन्या १५ किलोची मऊ बॅग सांगतात ती उगाच नाही. प्रवाशांचं वजन विचारून लिहू नका, काट्यावर घ्या. आडरानात पिंपातून इंधन भरताना आधी ते पाणी धरून ठेवणाऱ्या फिल्टरमधून गाळा, मग विमानाच्या इंधन टाकीखालच्या प्रत्येक ड्रेनमधून (निचऱ्याच्या झडपेतून) नमुना काढून पाणी नाही ना ते बघा. आणि जड उड्डाण सकाळीच करा. पाहुणे उशिरा आले म्हणून दुपारी तेवढंच वजन उचलायला वैमानिकाने ठाम नकार द्यावा, आणि मालकाने तो मानावा.