पार्किन्सन : पायाच्या पंजात जोर नाही, घरी कोणते व्यायाम?

कापूसपेरा (दारव्हा तालुका)
वडील ७१ वर्षांचे, पार्किन्सनला पाच वर्षं झाली. सिंडोपा ११० ही पार्किन्सनची गोळी, दिवसातून तीनदा चालू आहे. चालताना पंजा घासतो, उंबरठ्याशी पाय चिकटतो, अन् पहाटे डाव्या पायाची बोटं आत वळतात. फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याच्या गावालाच. बोटांनी टॉवेल ओढायचा व्यायाम चालेल का?

फिजिओताई
भाऊ, टॉवेल सध्या नको. पहाटे बोटं वळतात ती बहुधा कमजोरीनं नाही. रात्रीच्या गोळीचा असर उतरला की स्नायू आपोआप आवळतात, त्यात आणखी वळवायचा सराव दिला तर गोळा येऊ शकतो. न्यूरोलॉजिस्टला हे नक्की सांगा. गोळीची वेळ बदलून बरेचदा फरक पडतो. डोस मात्र मनानं वाढवू नका.

ताकदीसाठी तळपायाच्या कमानीचा व्यायाम करा. खुर्चीवर अनवाणी बसवा. बाजेवर नको, तिला झोळ असतो. टाच अन् अंगठ्या-करंगळीची मुळं जमिनीला टेकलेली ठेवून पंजा टाचेकडे आखडायचा. पाऊल सरकत नाही, फक्त मधली कमान उचलते. ५ सेकंद धरायचं, १० वेळा. नखं पांढरी पडली म्हणजे बोटांनीच जमीन धरली, कमान काम करत नाही. तेव्हा ताकद निम्मी लावायला सांगा.

पंजा घासतो तो नडगीच्या स्नायूमुळे. टाच टेकवून पंजा वर, १५ वेळा. पुढं ओटा धरून टाचा उचला, खाली येताना सावकाश.

हे सगळं गोळीनंतर तासाभरानं, अंग मोकळं असताना. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या. वरण-दुधासोबत घेतली की प्रथिनांमुळे असर कमी होतो.

ओसरी
उंबरठ्याशी पाय चिकटणं नुसत्या ताकदीनं जाणार नाही, ती मेंदूकडून चालीला येणारी अडचण आहे. उंबरठ्याआधी पावलापावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या रंगवा अन् पट्टी ओलांडायला सांगा. सारवलेल्या जमिनीवर चुना टिकत नाही, तिथं रंगीत दोरी नको, पाय अडकतो. ऑइलपेंटच्या पट्ट्या रंगवलेली फरशी बसवा. हात धरून ओढू नका, माणूस तोंडावर पडतो. थांबू द्या, वजन डावी-उजवीकडे टाकायला लावा, मग मोठं पाऊल.

स्लीपर बंद. मागं पट्टा असलेली, पातळ-घट्ट तळाची सँडल घ्या. पावसाळ्यात वावरात नको. काळी माती तळाला चिकटली की पंजा आणखी जड होतो.

फिजिओताई
एक राहिलं. उभ्यानं करायच्या आधी उपकेंद्रात बीपी पाहा: ५ मिनिटं झोपवून, मग उभं करून १ अन् ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत बसूनच करा. मे महिन्यात, पाणी कमी पडतं तेव्हा, पुन्हा मोजा.