रिलोड करताना सैनिक रिकामी मॅगझिन खरंच टाकून देतात का? आणि कुठल्या गेममध्ये हे बरोबर दाखवलंय?

रात्रीचा_स्नायपर

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मी शूटर गेम्स भरपूर खेळतो आणि प्रत्येक गेममध्ये रिलोड वेगळाच दाखवतात. एका गेममध्ये मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढली की सरळ खाली सोडून देतात, ती जमिनीवर आपटते आणि थोड्या वेळाने गायबच होते. दुसऱ्या गेममध्ये तोच माणूस जुनी मॅगझिन नीट छातीवरच्या पाऊचमध्ये ठेवतो आणि मग नवीन लावतो. आणि सगळ्यात खटकतं ते म्हणजे 30 पैकी 5 गोळ्या मारून रिलोड केला तरी उरलेल्या 25 आपोआप साठ्यात जमा होतात. मॅगझिन तर डोळ्यांदेखत खाली पडली ना, मग त्यातल्या गोळ्या परत कशा आल्या?

खरे सैनिक काय करतात? रिकामी झालेली टाकतात का, अर्धी भरलेली असेल तर तिचं काय, आणि लढाई चालू असताना एवढा विचार करायला वेळ तरी असतो का? कोणी फौजेत असेल किंवा या विषयातलं माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा.

जुना_पायदळवाला

मी पायदळात होतो, म्हणून सांगतो. टाकायची की ठेवायची असा एकच नियम नसतो. त्या क्षणी हातात वेळ किती आहे आणि समोर आडोसा आहे का, यावर सगळं ठरतं.

फायर चालू आहे आणि रायफल रिकामी झाली, तर पहिलं काम म्हणजे रायफल परत चालू करणं. बटण दाबायचं, जुनी पडते तिथे पडू दे, नवीन ठोकायची, बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) पुढे सोडायचा आणि परत नेम. सराव झालेल्या माणसाला याला दोन-तीन सेकंद लागतात आणि त्यातला एकही सेकंद रिकाम्या डब्यावर घालवायचा नसतो. पण भिंतीमागे आलास, बाजूचा जोडीदार फायर देतोय, तुला श्वास घ्यायला जागा मिळालीय, तर मॅगझिन अर्धी असली तरी तेव्हाच बदलून घ्यायची आणि काढलेली जपून ठेवायची, कारण पुढच्या वेळी रायफल रिकामी होईल ती नेमकी उघड्यावर असताना. म्हणून शिकवताना दोन्ही प्रकार वेगवेगळे घोटून घेतात, एक घाईचा आणि एक सवडीचा.

आता जपायची का, तर गेम खेळणाऱ्यांना बहुतेक वेळा एक गोष्ट माहीत नसते. मागून दारूगोळा येतो तो सहसा भरलेल्या मॅगझिन्समधून येत नाही. गोळ्या पेट्यांमधून येतात, 5.56 मिमीच्या असतील तर 10-10 च्या पट्ट्यांवर लावलेल्या. त्या भरायच्या कशात? तुझ्याच मॅगझिनमध्ये. अमेरिकन रायफलमनचा नेहमीचा भार धर, 30 च्या 7 मॅगझिन्स म्हणजे 210 गोळ्या. पहिल्याच चकमकीत त्यातल्या चार गवतात सोडून आलास तर नंतर पेटीभर गोळ्या मिळाल्या तरी एका वेळी 90 च तयार ठेवता येतील. मॅगझिन हा रायफलचाच भाग आहे, तिच्याशिवाय हातात फक्त एकेक गोळी भरून मारायची बंदूक उरते. शिवाय फौजेत प्रत्येक वस्तूचा हिशोब असतो. लढाईत गेली तर कोणी जाब विचारत नाही, पण सरावात हरवलीस तर रांग करून सगळ्यांना गवत चाळत बसावं लागतं.

ठेवायची कुठे हाही मोठा विषय आहे. भरलेल्या मॅगझिनच्या पाऊचमध्ये रिकामी परत घातली तर अंधारात हात नेमका तिच्यावरच जातो. म्हणून कमरेला मागच्या बाजूला मोठ्या तोंडाची पिशवी लावतात, डंप पाऊच म्हणतात तिला, न बघता आत टाकायची आणि विसरायची. ती नसेल तर काही जण शर्टात टाकतात, काही जण पाऊचमध्येच ठेवतात पण उलटी. भरलेली मॅगझिन गोळ्यांचं तोंड खाली करून एकाच दिशेने लावलेली असते, त्यामुळे बोटांना वरती ओठ (मॅगझिनच्या तोंडाच्या कडा) लागले की कळतं ही रिकामी, हिला सोडा.

पिक्सेल_आणि_पुंगळी

दादा, मस्त सांगितलंत. मी गेम बनवण्याच्या कामात आहे, तर गोळ्या परत कशा येतात त्याचं उत्तर मी देतो.

बहुतेक गेम्समध्ये मॅगझिन नावाची गोष्ट आतून अस्तित्वातच नसते. दोन आकडे असतात, बंदुकीत किती आणि साठ्यात किती. रिलोड म्हणजे साठ्यातून वजा करून बंदुकीत भरणं, बस. वर जे खाली पडताना दिसतं ते फक्त अ‍ॅनिमेशन, त्याचा आकड्यांशी काही संबंध नाही. हे आळसापोटी केलेलं नाही. खेळणाऱ्याला प्रत्येक चकमकीनंतर रिलोड दाबायची सवय असते, दोन गोळ्या मारल्या तरी दाबतो, आणि त्या सवयीची शिक्षा दिली तर वेगवान गेममध्ये माणूस चिडून बाहेर पडतो.

पण ज्यांनी मॅगझिन खरोखर वेगळी मोजली त्यांच्या गेममध्ये खेळण्याची पद्धतच बदलते. आर्मा 3 मध्ये प्रत्येक मॅगझिन ही वेगळी वस्तू आहे. तू प्रत्येक वेळी अर्ध्यातच बदलत राहिलास तर तासाभराने तुझ्याकडे 9 गोळ्यांची एक, 14 ची एक, 4 ची एक असा पसारा उरतो, आणि ऐन मोक्याच्या वेळी 4 वालीच हाताशी उरते. मूळ गेममध्ये गोळ्या एकत्र करायची सोय नाही, एसीई नावाचा मॉड (गेममध्ये बाहेरून टाकायची जोडणी) टाकला की ती मिळते आणि तेव्हाही त्याला वेळ लागतो, म्हणून लोक चकमक संपल्यावर कोपऱ्यात बसून ते काम करतात. दादांनी सांगितलं तेच, फक्त कीबोर्डवर.

इन्सर्जन्सी सँडस्टॉर्ममध्ये तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर थेट बटणावरच दिलंय. आर एकदा दाबलं तर तुझा सैनिक जुनी मॅगझिन ठेवून नवीन लावतो, पटकन दोनदा दाबलं तर जुनी खाली सोडून देतो, वेळ वाचतो पण ती मॅगझिन आतल्या गोळ्यांसकट गेली. स्क्रीनवर गोळ्यांचा आकडा नसतो, त्यामुळे किती उरल्या हे स्वतःलाच लक्षात ठेवावं लागतं. माझ्या मते रिलोडचा हा आजवरचा सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण टाकू की ठेवू हा निर्णय खेळणाऱ्याला घ्यावा लागतो आणि तोसुद्धा घाबरलेला असताना.

एस्केप फ्रॉम टारकॉव्हने अजून पुढे जाऊन मॅगझिनमध्ये गोळ्या भरायलाही वेळ लावलाय, एकेक गोळी आत जाते आणि तेवढा वेळ तुला थांबावं लागतं. तिथे मॅगझिन तपासली तर अंदाज सांगतात, जवळपास भरलेली, निम्म्याच्या आसपास वगैरे. आणि रेड ऑर्केस्ट्रामध्ये रिलोड केल्यावर मॅगझिन जड आहे की हलकी एवढंच सांगतात, खऱ्या हाताला जेवढं कळेल तेवढंच.

नेमबाज_पण_शांत

एक वेगळा मुद्दा. व्हिडिओंमध्ये जे लोक झटक्यात मॅगझिन खाली उडवताना दिसतात ते बरेचदा स्पर्धेतले नेमबाज असतात. तिथे घड्याळ चालू असतं, जमीन सपाट असते आणि फेरी संपली की आपली मॅगझिन उचलून आणता येते. तिथे ठेवण्यात वेळ घालवणं चूकच आहे. गेममधली बरीच अ‍ॅनिमेशन्स अशा लोकांकडे बघून केलेली असतात असं मला वाटतं, दिसायला भारी दिसतात पण सैनिकाच्या परिस्थितीशी त्यांचं गणित जुळत नाही.

रात्रीचा_स्नायपर

बापरे, पेट्यांमधून सुट्या गोळ्या येतात हे डोक्यातच आलं नव्हतं, आता सगळं पटतंय. अजून दोन शंका. एके रायफल असली तरी हेच का, कारण गेममध्ये एके वाला नेहमी हाताने काढताना दिसतो, पडताना फारसा दिसत नाही. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या गेम्समध्ये टिंग आवाज करून काहीतरी उडतं ते काय, तेही परत गोळा करायचे का?

जुना_पायदळवाला

एकेचं बरोबर पकडलंस. एम16 प्रकारच्या रायफलमध्ये मॅगझिन सरळ वर जाते, बटण दाबलं की स्वतःच्या वजनाने खाली येते, निदान यायला हवी, वाकलेली असली तर अडकते. एकेमध्ये पुढचं टोक अडकवून मागे ओढून बसवायची असते, काढताना मागची कळ दाबून पुढे फिरवायची, त्यामुळे ती हातातच येते, मग ठेवायची की सोडायची ते तुझ्यावर. घाईत असलेला माणूस नवीन मॅगझिनच्या धारेनेच कळ दाबतो आणि जुनीला ढकलून पाडतो. आणि एकेची स्टीलची मॅगझिन रिकामीच साधारण 330 ग्रॅम भरते, एम16 ची अ‍ॅल्युमिनियमवाली शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. कडक जमिनीवर स्टीलची पडली की चांगलाच आवाज होतो.

गेमवाल्यांनी अजून एक बघावं. एम16 मध्ये शेवटची गोळी गेली की बोल्ट मागे अडकून राहतो, म्हणजे रिकामी झाल्याचं हाताला लगेच कळतं. बहुतेक एकेमध्ये तसं होत नाही, ट्रिगर दाबल्यावर नुसतं खट्ट होतं आणि मग कळतं. म्हणून काही जण मॅगझिन भरताना तळाला दोन-तीन ट्रेसर घालतात, उजेडाची रेघ दिसली की बदलायची वेळ झाली.

बोल्ट_अ‍ॅक्शन_प्रेमी

टिंगचं मी सांगतो. ती एम1 गॅरंड, अमेरिकेने 1936 मध्ये स्वीकारलेली. तिच्यात काढघाल करायची मॅगझिन नाही, 8 गोळ्या पत्र्याच्या एका पकडीत धरलेल्या असतात आणि ती पकड गोळ्यांसकट वरून आत दाबायची. आठवी गोळी गेली की रायफल स्वतःच पकड बाहेर फेकते, तोच तो टिंग. ती पकड गोळा करत बसायची गरज नव्हती कारण गोळ्या पुढच्या पकडीत लावूनच सैनिकाला मिळायच्या. म्हणजे इथे टाकून देणं हे रचनेतच होतं. अडचण उलटी होती, मध्येच 3-4 गोळ्या उरल्या असतील तर वरून भर घालणं कटकटीचं, त्यामुळे पुष्कळदा उरलेल्या मारून संपवणंच सोपं पडायचं.

आणि याच्या अगदी उलटं टोक म्हणजे ब्रिटिशांची 1888 ची ली-मेटफर्ड. मॅगझिन निघायची, पण हरवू नये म्हणून ती साखळीच्या कडीने रायफललाच बांधलेली असायची! वर एक पट्टी सरकवून मॅगझिन बंद ठेवायची, एकेक गोळी हाताने भरून मारायची आणि मॅगझिनमधल्या गोळ्या अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायच्या, असा विचार होता तेव्हा. नंतर ली-एनफिल्ड आली, तिच्यात 10 गोळ्या बसायच्या आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्या 5-5 च्या पट्टीने वरून भरायच्या. मॅगझिन काढायची ती साफसफाईला. गेममध्ये ली-एनफिल्डवाला अख्खी मॅगझिन बदलताना दाखवला की माझं डोकं फिरतं, सैनिकाला असा भरलेल्या मॅगझिन्सचा जोड बरोबर दिलेला नसायचा.

पिक्सेल_आणि_पुंगळी

दादा, एक विचारू का? आम्ही सध्या रिलोडचंच काम करतोय, आकडा न दाखवता मॅगझिनचा अंदाज द्यायचाय. अंधारात, बघता येत नसताना, तुम्हाला कसं कळायचं की हातातली मॅगझिन पूर्ण आहे की अर्धी? पारदर्शक मॅगझिन्स सगळ्यांकडे नसतात ना.

जुना_पायदळवाला

नसतात. जी36 किंवा ऑस्ट्रियाची ऑग असली तर आरपार दिसतं, पण अंधारात तेही कामाचं नाही. पहिलं म्हणजे वजन, एम16 ची भरलेली मॅगझिन अर्धा किलोच्या जवळपास आणि रिकामी त्याच्या पाव, हाताला सवय झाली की फरक लगेच कळतो, पण 20 आणि 30 मधला नाही कळत पटकन. दुसरं म्हणजे वरच्या गोळीवर अंगठा दाबायचा. पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम हलते, अर्धी असेल तर मऊ दबते. म्हणूनच कितीतरी जण 30 च्या मॅगझिनमध्ये 28 च भरतात, ठासून 30 भरली आणि बोल्ट पुढे बंद असताना लावली तर नीट बसत नाही, चालता चालता खाली पडते. लावल्यावर वर ठोकायची आणि लगेच खाली ओढून बघायची, हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात.

आणि एक गोष्ट तुमच्या गेममध्ये टाकाच, मी अजून कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही. मॅगझिनमध्ये गोळ्या डावी-उजवी अशा आलटून पालटून बसलेल्या असतात. लावायच्या आधी बोटाने बघायचं सगळ्यात वरची गोळी कुठल्या बाजूला आहे. मग लावायची, बोल्ट मागे ओढून सोडायचा, मॅगझिन परत काढून बोट फिरवायचं. वरची गोळी आता दुसऱ्या बाजूला आली असेल तर एक गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून ती सुटते) गेलीय, रायफल तयार आहे. त्याच बाजूला असेल तर आत काही गेलेलं नाही. तपासायला उजेड नको, बोटालाच सगळं कळतं.

बिघडणाऱ्या मॅगझिनचंही दाखवा जमलं तर. कडक जमिनीवर तोंडावर पडून पडून वरचे ओठ वाकतात, मग गोळी तिरकी येऊन अडकते आणि माणूस रायफलला दोष देत बसतो. आम्ही प्रत्येक मॅगझिनवर टेप लावून नंबर टाकायचो, एकाच नंबरवर दोनदा अडकली की ती सरावाच्या ढिगात, मोहिमेवर न्यायची नाही.

रात्रीचा_स्नायपर

नंबर टाकलेल्या मॅगझिन्स आणि त्यातली एक खराब, असा गेम आला तर मी पहिल्या दिवशी घेणार. आज रात्री सँडस्टॉर्म लावतो आणि आर एकदाच दाबायची सवय करून बघतो.