बँक मित्र, बीसी की व्यवसाय प्रतिनिधी?

रोजमेळ : आधार आणि अंगठ्यावर गावातच पैसे काढून देणाऱ्यासाठी ग्राहकांच्या माहितीपत्रकात कोणता शब्द लिहावा? बँकेच्या कागदावर 'व्यवसाय प्रतिनिधी', दुकानाच्या पाटीवर 'ग्राहक सेवा केंद्र', जनधनच्या कागदांत 'बँक मित्र', बचतगटातली बाई असेल तर 'बँक सखी'. लोक नुसतं 'बीसी' (बिझनेस करस्पॉन्डंट) म्हणतात. हे सगळं एकच का?

ताळेबंद : नाही. रिझर्व्ह बँकेने २००६ साली ही पद्धत आणली तेव्हा हे काम स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, टपाल कार्यालयं अशांनाच देता येत होतं. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना सप्टेंबर २०१० मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी मधे एक पायरी आली : बँकेचा करार कंपनीशी आणि कंपनीचा गावातल्या दुकानदाराशी. अशा ठिकाणी 'व्यवसाय प्रतिनिधी' म्हणजे कंपनी आणि समोर मशीन घेऊन बसलेला तो 'बँक मित्र'. बँकेने थेट माणूस नेमला असेल तर दोन्ही शब्द त्यालाच लागतात.

खतावणी : फरक पटला, पण ग्राहकाला कंपनीशी देणंघेणं नाही. मित्राने बँकेच्या वतीने जे केलं त्याला बँक जबाबदार असते. म्हणून पाटीवर आधी बँकेचं नाव हवं, मग 'बँक मित्र', कंपनीचं नाव खाली. 'कमिशन' आणि 'शुल्क' हे शब्दही वेगळे ठेवा. कमिशन बँकेकडून येतं. बँकेच्या कामासाठी मित्राने ग्राहकाकडून स्वतःहून पैसे घ्यायला बंदी आहे, आणि 'शंभरामागे दोन रुपये कमिशन' असं म्हणून नेमकं तेच घेतलं जातं.

माझ्या मते त्याहून घातक शब्दप्रयोग 'अंगठा लागला नाही' हा आहे. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. एक, ठसा जुळला नाही. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, तेव्हा हे होतं. यात खात्यातून काहीच जात नाही. काच पुसावी, बोट कोरडं करावं, दुसरं बोट द्यावं. दोन, ठसा जुळला पण नेटवर्क मधेच तुटलं. इथे खात्यातून रक्कम गेलेली असू शकते, आणि मशीनवर 'यशस्वी' आलेलं नसतं. पहिल्याला 'ठसा जुळला नाही' आणि दुसऱ्याला 'व्यवहार अडकला' असंच छापा.

रोजमेळ : व्यवहार अडकला तर ग्राहकाने काय करायचं, तेही त्याच चौकटीत देता येईल का?

खतावणी : द्यायलाच हवं. लगेच पुन्हा रक्कम टाकून अंगठा देऊ नये. आधी शिल्लक तपासावी. त्यालाही अंगठा लागतो, म्हणून पडद्यावर 'शिल्लक' निवडलंय की 'पैसे काढणे', हे बघूनच बोट ठेवावं. खरं तर व्यवहार यशस्वी झालेला असताना 'लागला नाही' सांगून दुसऱ्यांदा अंगठा घ्यायचा, ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे. पावती मागावी. तिच्यावरचा १२ अंकी संदर्भ क्रमांक तक्रारीत लागतो.

ताळेबंद : तक्रार खातं असलेल्या बँकेत करायची, हे ठळक करा. मित्र एका बँकेचा आणि खातं दुसऱ्या बँकेचं असेल तेव्हा लोक हमखास मित्राशीच भांडत बसतात. तो रोकड स्वतःच्या गल्ल्यातून देतो आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर त्याच्या खात्यात तेवढी रक्कम येते. मशीनवर 'यशस्वी' नसताना त्याने रोकड दिली नाही, तर त्याचं चुकलेलं नाही. अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवी. पुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

रोजमेळ : आणि 'इंटरऑपरेबल'? मसुद्यात 'आंतरचालनीय' आलंय.

ताळेबंद : काढून टाका. 'आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या बँकेचं खातंही चालेल' असं लिहा.