पीएच.डी.साठीची फेलोशिप (जेआरएफ) मिळाली आहे, हातात नोकरीही आहे. घरचं बघून काय ठरवू?

कृष्णाकाठ:
नमस्कार. कोल्हापुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आहे. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली आणि त्याच सुमारास पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर आलं. वर्षाला ४ लाख २० हजार, जूनमध्ये रुजू व्हायचंय.

वडील साखर कारखान्यात आहेत, पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतील. घराच्या कर्जाचा हप्ता ११ हजार, अजून सहा वर्षं. बहीण बारावीला. आई म्हणते, "शिकायला आम्ही कधी नाही म्हटलं नाही, आता तूच सांग." तेच सांगता येत नाहीये.

मन पीएच.डी.कडे ओढतं. प्रोजेक्टला स्प्रे पायरोलिसिसने झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्म करतोय. हॉट प्लेट साडेचारशे अंशांवर, तिच्यावर काचपट्टी, वरून फवारा. पहिले तीन आठवडे फिल्म पांढरट भुकटीसारखी यायची, बोटानं पुसली जायची. नोझलची उंची आणि फवाऱ्याचा वेग बदलत राहिलो. एका दुपारी पट्टी खिडकीकडे धरली, तर आरपार स्वच्छ आणि कडेला जांभळी-निळी झाक. त्या दिवशी जेवायला जायचंही सुचलं नाही. हे सोडायचं का?

लोलक:
मी याच वाटेनं गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढची तीन वर्षं एसआरएफचे, म्हणजे त्याच फेलोशिपच्या वरच्या टप्प्याचे, ४२ हजार. २०२३ पासून हे दर आहेत. पाच वर्षांचे २४ लाख होतात. तुझी नोकरी, पगारवाढ न धरता, २१ लाख. तेव्हा घरावर भार टाकून तू शिकणार नाहीयेस, हे आईला वहीत मांडून दाखव. पण नोकरीत पगार चढतो, पीएफ साठतो, बँक दारात उभं करते. फेलोशिपला यातलं काही नाही.

आणि पैसे दर महिन्याला येतील असं धरू नकोस. मी २०१४ च्या अखेरीस सुरुवात केली, तेव्हा १६ हजारांचे २५ हजार नुकतेच झाले होते. दुसऱ्या वर्षी सलग पाच महिने खात्यात एक रुपया आला नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. मेसचे पैसे भावानं भरले, वडिलांना आम्ही दोघांनी कळू दिलं नाही. तुझ्या खात्यातून हप्ता जाणार असेल, तर आधी सहा हप्त्यांचे ६६ हजार बाजूला काढ. वडिलांचा पगार चालू आहे तोवरच हे जमेल.

पीएच.डी.नंतर दोन वर्षं दक्षिण कोरियात पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या जागेवर संशोधन, केलं. परत आल्यावर प्राध्यापकाच्या कायम जागेची वाट पाहत तासिका तत्त्वावर शिकवलं. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. तो काळ मला फार जड गेला. आता पुण्यात काचेवर कोटिंग करणाऱ्या कंपनीत आहे. मुलाखतीत प्रबंधाबद्दल जेमतेम एक प्रश्न आला. बाकी तासभर व्हॅक्यूम पंप, गळती कशी शोधता, पंपाचं तेल कधी बदलता, हेच चाललं होतं. हातानं केलेलं काम तिथं उपयोगी पडलं.

गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. किती वर्षं लागली, आज कुठे आहेत, एवढंच विचार.

समस्थानिक:
दोनच वाटा धरू नका. एम.एस्सी. भौतिकशास्त्राला ६० टक्के असतील तर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा आहे. वर्षभर विद्यावेतनासह प्रशिक्षण, मग सायंटिफिक ऑफिसर, मूळ वेतन ५६,१०० पासून. प्रवेश अवघड आहे, पण प्रशिक्षणाची फी भरावी लागत नाही.

मी तिसऱ्या वाटेनं गेलो, रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. कॅन्सरच्या किरणोपचार केंद्राला मेडिकल फिजिसिस्ट ठेवणं नियमानं बंधनकारक आहे, त्यामुळे नोकरीसाठी ताटकळावं लागलं नाही. सकाळी पहिला रुग्ण यायच्या आत मी लिनॅकखाली, म्हणजे किरण सोडणाऱ्या मशीनखाली, फँटम (रुग्णाच्या शरीराऐवजी ठेवायचा ठोकळा) ठेवतो, त्यात किरणांची मात्रा मोजणारं आयन चेंबर सरकवतो आणि मशीनमधून १०० युनिट किरण सोडून रीडिंग घेतो. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं, तर मी सांगेपर्यंत मशीन बंद. छोट्या पोकळीतल्या मोजणीवरून भोवतालची मात्रा काढायचं, एम.एस्सी.ला घोकलेलं ब्रॅग-ग्रे तत्त्व मला तिथं खरं समजलं.

कृष्णाकाठ:
लोलकताई, समस्थानिक सर, मनापासून आभार. आईसमोर वही उघडून बसलो. तिनं २४ आणि २१ दोन्ही आकडे वाचले आणि विचारलं, "आणि सहाव्या वर्षी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग फोन केले. पहिल्या गाईडकडच्या दादाला साडेसहा वर्षं लागली. फेलोशिप पाचव्याला संपली, शेवटचं दीड वर्ष घर वहिनींच्या पगारावर चाललं. दुसऱ्या गाईडकडे दोघांना पाच-पाच वर्षं. विषय मात्र पहिल्यांचा आवडतो.

लोलक:
आईचा प्रश्न माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा नेमका आहे. त्या दादाला परत फोन लाव आणि ते दीड वर्ष कशात गेलं ते विचार. सॅम्पल मोजायला बाहेरगावी पाठवून महिनोन्‌महिने थांबावं लागत असेल, तर तुझंही तेच होईल. लिहायलाच वेळ लागला असेल, तर ते तुझ्या हातात आहे. आणि जेआरएफच्या पत्रावरची मुदत आजच बघून ठेव, जूनच्या आत ठरवायचंय.