चक्कर आली की मानेचा एक्स-रे: हे बरोबर आहे का?

परभणीकर: आपल्याकडं चक्कर येते म्हणलं की पहिलं काम मानेचा एक्स-रे, दुसरं गळ्यात पट्टा. 'मणक्यात गॅप आलाय' हे ऐकलं नाही असं घर दाखवा. पन्नाशीपुढच्या माणसाच्या मानेत झीज बहुतेक दिसतेच, चक्कर असो वा नसो. तेव्हा आधी कान, बीपी, हिमोग्लोबिन, साखर आणि चालू गोळ्या बघाव्यात. सगळं निरंक निघालं तरच मानेवर यावं.

फिजिओ_लातूर: एक्स-रेचं पटलं. मान सगळ्यात शेवटी ही रांग मात्र पटत नाही. डोकं कुठं वळलंय हे मेंदूला कान, डोळे आणि मान तिघं मिळून सांगतात. कवटीखालचे सांधे आणि बारके स्नायू आखडले की मानेचा निरोप बाकीच्या दोघांशी जुळत नाही. क्लासची पोरं दिवसभर वहीवर वाकून बसतात, त्यातली काही माझ्याकडं येतात. घर फिरतंय असं ती म्हणत नाहीत. अधांतरी वाटतं, तोल जाईल असं वाटतं, सोबत मान दुखते. दुखणं वाढलं की हेही वाढतं. अशा पोराला फिरत्या खुर्चीवर बसवून मी डोकं हातात घट्ट धरतो आणि अंग वळवायला लावतो. डोकं हललं नाही म्हणजे आतल्या कानातलं तोल सांगणारं पाणीही हललं नाही, पीळ फक्त मानेला. तरी भोवळ आली तर संशय मानेवर.

परभणीकर: संशयच ना! ही तपासणी धडधाकट माणसातही कधीकधी तसंच दाखवते. मानेमुळं येणाऱ्या चक्करेला १९५५ पासून 'सर्व्हायकल व्हर्टिगो' हे नाव आहे, पण पक्कं निदान करणारी एकही चाचणी नाही.

गोदाकाठ: आमच्या मायला ऐन मे महिन्यात पट्टा बांधला होता. कडेनं घामोळं उठलं, चक्कर तशीच. कुशीवर वळलं की अर्धा मिनिट खोली गरगरायची. कानाच्या डॉक्टरांनी डोकं एका बाजूला वळवून झटक्यात आडवं केलं, तर बुबुळं थडथड उडायला लागली. आतल्या कानात तोलासाठी बारीक खडे असतात, ते सरकले होते. डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून त्यांनी ते जागेवर बसवले. त्यामुळं माझं मत परभणीकरांच्या बाजूनं.

बीडचा_मास्तर: एवढा काथ्याकूट कशाला? आमचा सलूनवाला दाढी झाली की मान कडाडकन मोडतो, लई मोकळं वाटतं.

फिजिओ_लातूर: मास्तर, ते आधी बंद करा. मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्यानं त्यांचं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. चक्करेसोबत एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळता न येणं, तोंड वाकडं होणं, नाहीतर मानेत कधी नव्हे अशी अचानक कळ, यातलं काहीही असलं तर माझ्याकडंही येऊ नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. उपचार म्हणून आम्ही मान मोडत नाही. हातानं हलका आधार देतो, पेशंट स्वतः मान वळवतो. शिवाय हनुवटी आत घेण्याचा आणि नजर एका जागी धरून डोकं हलवण्याचा व्यायाम. पट्टा जास्त दिवस ठेवला की स्नायू लुळे पडतात. चक्करेच्या काही गोळ्या महिनोन्महिने चालल्या तर मेंदूचं सावरणं लांबतं, म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात.

परभणीकर: उपचारांवर भांडण नाही. पण तालुक्याला फिरती खुर्ची कोण ठेवणार? बीपीचं मशीन सगळीकडं आहे. झोपवून मोजा, उभं करून तीन मिनिटांत परत मोजा. वरचा आकडा २० नं उतरला तर मानेचा विषयच निघत नाही.

फिजिओ_लातूर: बीपी उतरणाऱ्या माणसाची मान आखडत नाही का? चाळिशीपुढं दोन्ही एकदम असलेले कितीतरी येतात. एक सापडलं म्हणून दुसरं बघायचंच नाही, याला माझा विरोध आहे. खुर्चीचं म्हणाल तर मास्तरांच्या सलूनात आहेच की.